हक्क ते मानधन : जोधपूर नगरातील लोकसंगीत व उघड्यावरील उत्सव – एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

लोककलांच्या अभ्यासात दोन विरोधी भूमिका वारंवार आढळतात. पहिल्या भूमिकेनुसार गावातील अंगणातून शहरी रंगमंचावर आलेली कला आपले सत्त्व गमावते. दुसरीनुसार शहर, शासन आणि महोत्सव यांनी हात दिला नसता तर ती कला केव्हाच लोप पावली असती. दोन्ही भूमिकांचे लक्ष कलेवर, म्हणजे सूर, वाद्य, वेशभूषा व रचना यांवर केंद्रित असते. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातील नात्याचा विचार त्यामानाने कमी होतो. वस्तुतः लोकसंगीताच्या इतिहासात सर्वांत मोठे स्थित्यंतर घडले आहे ते या नात्यातच.

प्रस्तुत लेखात थरच्या वाळवंटाचे प्रवेशद्वार मानल्या जाणाऱ्या जोधपूर नगराच्या आधारे या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. मांगणियार व लंगा या पेशेवर गायक जमातींना एकेकाळी यजमानाकडून जे मिळत असे तो त्यांचा परंपरागत हक्क होता. आज महोत्सवाकडून जे मिळते ते मानधन आहे. हक्काकडून मानधनाकडे झालेल्या या प्रवासात कलावंताची प्रतिष्ठा वाढली. परंतु त्याचा अधिकार वाढला काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

नगर आणि भूप्रदेश

राव जोधा याने इ.स. १४५९ मध्ये जोधपूरची स्थापना केली. सुमारे १२० मीटर उंचीच्या खडकाळ टेकडीवर मेहरानगड उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी जुने शहर दाटीवाटीने वसले आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेल्याचे दिसते. शहराच्या पश्चिमेस पर्जन्यमान झपाट्याने घटत जाते. बाडमेर व जैसलमेर या जिल्ह्यांत शेतीचा भरवसा नसतो. बाजरी, पशुपालन आणि साठवलेले पाणी यांवर जीवन चालते.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी (१९२९–२००४) यांनी राजस्थानची विभागणी राजकीय सीमांनी न करता बाजरी, ज्वारी आणि मका या धान्यांच्या पट्ट्यांनी केली होती. कोण काय खातो यावरून त्याचा पाऊस, जमीन, श्रम व गाणे यांचा अंदाज बांधता येतो, अशी त्यामागील दृष्टी होती. या विभागणीत जोधपूरच्या पश्चिमेचा प्रदेश बाजरीच्या पट्ट्यात येतो. मांगणियार व लंगा यांची गावे प्रामुख्याने याच पट्ट्यात आहेत. जोधपूर हे त्यांचे मूळ स्थान नव्हे. तथापि, गेल्या सहा-सात दशकांत त्यांच्या कलेचे संकलन, प्रशिक्षण आणि सादरीकरण यांचे केंद्र म्हणून या नगराला महत्त्व प्राप्त झाले.

यजमान आणि गायक

मांगणियार हे धर्माने मुस्लिम असून त्यांचे यजमान मुख्यतः हिंदू राजपूत आहेत. लंगाही मुस्लिमच, परंतु त्यांचे यजमान प्रामुख्याने सिंधी-सिपाही मुस्लिम आहेत. मांगणियारांचे प्रमुख वाद्य कमायचा. अखंड लाकडातून कोरलेले, गोलाकार कातडी पोट असलेले आणि गजाने वाजविले जाणारे हे तंतुवाद्य खोल व किंचित घोगऱ्या नादासाठी ओळखले जाते. त्यास ढोलक आणि लाकडी पट्ट्यांच्या खडतालची साथ असते. लंगांकडे सिंधी सारंगी, तसेच सुरणाई व अलगोजा ही सुषिर वाद्ये आढळतात.

यजमानाच्या घरी जन्म, विवाह वा अन्य मंगलप्रसंग असला म्हणजे त्या घराण्याशी वंशपरंपरेने जोडलेला गायक तेथे उपस्थित राही. यजमानाची वंशावळ सांगणे, त्याच्या पूर्वजांची स्तुती करणे (यास ‘शुभराज’ म्हणतात) आणि त्या त्या विधीची गाणी गाणे, ही त्याची कामे. त्याबद्दल त्याला धान्य, वस्त्र, पशू किंवा रोख रक्कम मिळे. या देण्याला ‘नेग’ असे नाव आहे. नेग देणे यजमानाच्या मर्जीवर अवलंबून नसे. ते प्रथेने बांधलेले होते आणि पित्याकडून पुत्राकडे जात होते. यजमानाने आपले कर्तव्य पाळले नाही, तर त्याच्याशी संबंध तोडण्याचा अधिकार गायकालाही होता. घराण्याची स्मृती ज्याच्या कंठात आहे त्याने पाठ फिरविणे ही यजमानाच्या दृष्टीने मोठी नामुष्की होती.

ही व्यवस्था समतेची होती, असा याचा अर्थ नव्हे. ‘मांगणियार’ या शब्दाचा अर्थच ‘मागणारा’ असा आहे. या नावातील हीनतेमुळे समाजातील काही जण त्याला आक्षेप घेतात व स्वतःस ‘मिरासी’ म्हणवून घेतात. गायकाचे बसण्याचे स्थान, जेवणाची पंगत, बोलण्याची रीत या सर्वांतून त्याचे खालचे स्थान अधोरेखित होत असे. शिवाय नेग हा धान्यावर आणि पशुधनावर अवलंबून असल्याने पाऊस हुकला की यजमानासोबत गायकही भुकेला राही. विक्रम संवत १९५६ मधील (इ.स. १८९९–१९००) दुष्काळ ‘छप्पनिया अकाल’ या नावाने आजही मारवाडच्या लोकस्मृतीत आहे. अशा काळात हक्क शाबूत असला तरी तो वसूल होण्याजोगा राहत नसे.

तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या व्यवस्थेत ऐकणारा अनभिज्ञ नव्हता. कोणत्या प्रसंगी कोणते गीत यावे, कोणत्या पूर्वजाचे नाव गळले, गायकाने दोहा कोठे जोडला, हे यजमानाला व त्याच्या घरातील स्त्रियांना ठाऊक असे. जाणकार श्रोता हा या परंपरेचा अर्धा भाग होता.

आश्रयाचा अस्त

विसाव्या शतकाच्या मध्यास ही चौकट तीन बाजूंनी खिळखिळी झाली. १९४७ च्या फाळणीने थर व सिंध यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आली. ज्यांचे आप्त, यजमान आणि गीतभांडार सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले होते, त्यांना एका बाजूचे व्हावे लागले. १९६५ च्या युद्धानंतर मुनाबाव–खोखरापार रेल्वेमार्गही बंद पडला. २००६ मध्ये जोधपूरच्या भगत की कोठी स्थानकातून ‘थार एक्सप्रेस’ सुरू झाली, तेव्हा तुटलेला दुवा काही प्रमाणात सांधला गेला. परंतु २०१९ पासून तीही थांबली.

दुसरा आघात जमीनव्यवस्थेतील बदलाचा. १९५२ च्या राजस्थान भूमिसुधारणा व जागीर पुनर्ग्रहण कायद्याने जागीरदारांच्या जमिनी शासनाकडे घेण्याचा मार्ग खुला झाला. शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा कायदा आवश्यक होता. तथापि, जागीरदाराच्या उत्पन्नावर ज्यांचा नेग उभा होता अशा गायकांची नोंद या कायद्याने घेतली नाही. तिसरा टप्पा १९७१ चा. त्या वर्षी घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले आणि दरबारी आश्रयाचा उरलासुरला आधारही संपुष्टात आला. बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या दरबारात घडलेल्या अल्लाह जिलाई बाई (१९०२–१९९२) यांच्यासारख्या मांड गायिकेला पुढील काळात आकाशवाणी आणि सार्वजनिक मैफली यांच्याद्वारे श्रोतृवर्ग लाभला. १९८२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु असे भाग्य मोजक्यांचे. खेड्यापाड्यांतील शेकडो गायक कुटुंबांपुढे मजुरी किंवा स्थलांतर हेच पर्याय उरले.

संस्थांचे नगर

अशा पार्श्वभूमीवर जोधपूरचे महत्त्व वाढले. १९५७ मध्ये राजस्थान संगीत नाटक अकादमीची स्थापना झाली व तिचे मुख्यालय जोधपूर येथे ठेवण्यात आले. १९६० मध्ये कोमल कोठारी आणि कथाकार विजयदान देथा (१९२६–२०१३) यांनी जोधपूर जिल्ह्यातील बोरुंदा या गावी ‘रूपायन संस्थान’ स्थापन केले. देथा यांनी लोककथा ऐकून त्यांना राजस्थानी गद्यात साहित्यरूप दिले. ‘बातां री फुलवाडी’ या चौदा खंडांच्या मालेतील एका खंडाला १९७४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्याच एका कथेवर मणि कौल यांनी ‘दुविधा’ (१९७३) आणि अमोल पालेकर यांनी ‘पहेली’ (२००५) हे चित्रपट निर्माण केल्याने मराठी वाचकास हे नाव अपरिचित नसावे.

कोठारी यांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन वाळवंटातील गावे पालथी घातली. १९६० च्या दशकात लंगा व मांगणियार गायक त्यांच्या प्रयत्नांमुळे प्रथमच आपल्या यजमानांच्या परिघाबाहेर, दिल्लीसारख्या शहरांतील रंगमंचावर आले. पुढे १९८० च्या दशकात ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका येथे झालेल्या भारत महोत्सवांमुळे राजस्थानी लोकसंगीत जागतिक श्रोत्यांपर्यंत पोहोचले. १९८६ मध्ये उदयपूर येथे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र स्थापन झाले. राजस्थान व गुजरातबरोबर महाराष्ट्र आणि गोवा हेही या केंद्राचे सदस्य असल्यामुळे मांगणियारांचा कमायचा आणि महाराष्ट्रातील गोंधळ्याचे संबळ एकाच शासकीय छत्राखाली आले.

कोठारी यांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी कला तिच्या जीवनव्यवहारापासून अलग काढली नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जोधपूरजवळ मोकलावास येथे ‘अरणा-झरणा’ या वाळवंटी संग्रहालयाची कल्पना मांडली. तेथील पहिल्या प्रदर्शनाचा विषय होता झाडू. कोणत्या गवताचा झाडू कोणत्या भागात होतो, तो कोण बांधतो, कोण वापरतो आणि त्याभोवती कोणत्या समजुती आहेत, यांतून परिसर, जात आणि श्रम यांचा इतिहास उलगडता येतो, हे त्यातून दिसले. संगीताकडेही ते याच नजरेने पाहत. गाणे समजण्यासाठी ते कोणासाठी, कशाच्या मोबदल्यात आणि कोणत्या ऋतूत गायिले जाते, हे जाणणे त्यांना अगत्याचे वाटे.

गडावरील रंगमंच

जोधपूर राजघराण्याचे गजसिंह यांनी १९७२ मध्ये मेहरानगड संग्रहालय न्यास स्थापन केला. त्यामुळे तनखे गेल्यानंतर वर्षभरातच किल्ला सार्वजनिक संग्रहालयाच्या मार्गावर आला. २००७ पासून या न्यासाच्या पुढाकाराने किल्ल्यात ‘जोधपूर रिफ’ हा आंतरराष्ट्रीय लोकसंगीत महोत्सव शरद पौर्णिमेच्या सुमारास भरू लागला. किल्ल्याची प्रांगणे, तट आणि सरदारसिंहांनी १८९९ मध्ये उभारलेला जसवंत थडा ही या महोत्सवाची स्थळे. जसवंत थडा येथील पहाटेच्या मैफली विशेष प्रसिद्ध आहेत. राजस्थानातील पारंपरिक गायक येथे परदेशी वादकांसह एकत्र सादरीकरण करतात. २०२० मध्ये महामारीमुळे देशभरातील असे उघड्यावरील कार्यक्रम थांबले, तेव्हा महोत्सवावर विसंबलेले उत्पन्न किती नाजूक आहे हे कलावंतांच्या अनुभवास आले.

महोत्सवांनी दिलेले श्रेय नाकारता येणार नाही. हमीरा गावचे कमायचावादक साकर खां यांना २०१२ मध्ये, अनवर खां यांना २०२० मध्ये आणि सिंधी सारंगीचे वादक लाखा खां यांना २०२१ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. ज्याच्या पूर्वजांना यजमानाच्या अंगणात खाली बसावे लागे, तो कलावंत आज मंचावर उंच बसतो व यजमानाच्या कुळातील मंडळी खाली खुर्चीवर बसून ऐकतात. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही लहान घटना नव्हे.

परंतु या लाभाबरोबर तीन बदल घडले. पहिला बदल काळाचा. पूर्वी गाण्याचे वेळापत्रक बाजरीच्या कापणीवर आणि विवाहमुहूर्तांवर ठरे. मारवाडात अक्षय तृतीयेस, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, लग्नांची धांदल असते. आताचे वेळापत्रक पर्यटनाच्या हंगामाशी, आश्विन ते फाल्गुन या सुखद हवेच्या महिन्यांशी जुळलेले आहे. दुसरा बदल कालावधीचा. पाबूजीची फड रात्रभर चालते. भोपा रावणहत्था वाजवीत, चित्रपटासमोर उभा राहून गातो. त्याच्या श्रोत्यांच्या दृष्टीने ती फड म्हणजे फिरते देवालय असते. महोत्सवात तिच्या वाट्यास काही मिनिटे येतात. देवालय उलगडून पुन्हा गुंडाळावे इतकाच तो अवधी. तिसरा बदल भांडाराचा. वंशावळ, शुभराज, विशिष्ट विधीची गीते यांना अनोळखी श्रोत्यापुढे प्रयोजन उरत नाही. द्रुत लयीची, खडतालच्या चमत्कृतीला वाव देणारी मोजकी गीतेच पुनःपुन्हा गायिली जातात.

प्रेक्षक नसलेले उत्सव

जोधपूरच्या उघड्यावरील उत्सवांचा विचार केवळ किल्ल्यावरील महोत्सवापुरता मर्यादित ठेवल्यास चित्र अपुरे राहील. जुन्या शहरात आजही असे उत्सव होतात ज्यांत गाणारा व ऐकणारा हा भेदच नाही. होळीनंतरच्या दिवसांत मुली छिद्रे पाडलेले मडके, आत दिवा ठेवून, डोक्यावर घेतात आणि गाणी म्हणत घरोघर फिरतात. या ‘घुडला’ उत्सवाचा संबंध पंधराव्या शतकातील राव सातल आणि घुडले खां यांच्या संघर्षाशी जोडला जातो. महाराष्ट्रातील वाचकास येथे भोंडला व भुलाबाईच्या गाण्यांचे स्मरण व्हावे. वैशाखातील ‘धींगा गवर’च्या रात्री तर विविध वेश धारण केलेल्या स्त्रिया हातात वेत घेऊन शहराच्या गल्ल्यांत फिरतात, वाटेत येणाऱ्या पुरुषांना वेताचा प्रसाद मिळतो आणि अविवाहितास तो लागल्यास त्याचे लग्न लवकर जमते अशी समजूत आहे. एका रात्रीपुरते नगर स्त्रियांच्या ताब्यात जाते.

या उत्सवांना तिकीट नसते व निमंत्रितांची यादीही नसते. येथे स्त्री हीच कर्ती असते. याउलट मांगणियार समाजातील स्त्रिया यजमानाच्या अंतःपुरात परंपरेने गात आल्या असल्या, तरी सार्वजनिक मंचावर त्या अपवादानेच दिसतात. रुक्मादेवी यांनी मंचावर गाऊन ही मर्यादा ओलांडली, परंतु त्यांचे नाव अपवाद म्हणूनच घ्यावे लागते. अंगण गेले आणि मंच आला तेव्हा पुरुष गायकाला नवे स्थान मिळाले. स्त्री गायिकेचे जुने स्थान गेले व नवे सहजी लाभले नाही. लोककलेच्या पुनरुज्जीवनाचा हिशेब मांडताना ही बाजू बहुधा निसटते.

हक्क आणि मानधन

महाराष्ट्रातील ग्रामव्यवस्थेच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात अलुतेदार-बलुतेदारांचे जे वर्णन केले आहे, त्यातही सेवा, जात आणि धान्याचा वाटा यांची अशीच गुंफण दिसते. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली. त्या बंधनातून सुटका होणे हा न्याय होता, यात शंका नाही. तथापि, बंधनाबरोबर जो निश्चित वाटा गेला त्याची जागा कशाने भरली, हा प्रश्न मारवाडाप्रमाणे महाराष्ट्रातही अनुत्तरित राहिला.

हक्क आणि मानधन यांतील भेद येथे स्पष्ट होतो. हक्क वंशपरंपरेने चालतो. मानधन कार्यक्रमापुरते असते. हक्काचा भंग झाल्यास दाद मागता येते, निदान संबंध तोडता येतो. महोत्सवाने पुढील वर्षी बोलाविले नाही, तर कलावंतास कोणाकडेही जाता येत नाही. यजमान एका कुटुंबाला बांधलेला होता. आयोजक कोणालाही बांधलेला नाही. परिणामी पूर्वी अपमान होता पण शाश्वती होती, आज सन्मान आहे पण शाश्वती नाही, असे म्हणावे लागते.

गीताच्या मालकीच्या बाबतीत हा भेद अधिक तीव्र होतो. ‘निंबूडा’ हे राजस्थानी लोकगीत ‘हम दिल दे चुके सनम’ (१९९९) या चित्रपटामुळे देशभर पोहोचले. लोकगीताला ज्ञात रचनाकार नसल्याने कॉपीराइट कायद्याचे प्रचलित संरक्षण त्याला लागू होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांच्या व्यावसायिक वापरातील मानधनाचा हक्क मान्य केला. पण तो हक्क विशिष्ट सादरीकरणाला आहे. पिढ्यान्‌पिढ्या गीत जतन करणाऱ्या समूहाला त्याचा लाभ होत नाही. यजमानाच्या अंगणात ज्या गीताचा मोबदला ठरलेला होता, ते गीत बाजारात आल्यावर कोणाचेच राहिले नाही.

निष्कर्ष

जोधपूरच्या उदाहरणावरून असे दिसते की, वाळवंटातील लोकसंगीत टिकविण्याचे श्रेय संस्था व महोत्सव यांना देणे न्याय्य आहे. जागीरदारी संपल्यानंतर हे गायक उघड्यावर पडले असताना अकादमी, रूपायन संस्थान व पुढे किल्ल्यावरील महोत्सव यांनी त्यांना श्रोता मिळवून दिला. मात्र श्रोता मिळणे आणि जाणकार श्रोता मिळणे यांत अंतर आहे. तसेच मानधन मिळणे आणि हक्क मिळणे यांतही अंतर आहे. जुन्या यजमानी व्यवस्थेकडे परत जाणे शक्य नाही व इष्टही नाही, कारण तिचा पाया जन्मजात उच्चनीचतेवर होता.

तेव्हा त्या व्यवस्थेतील जातिभेद वगळून तिच्यातील निश्चितता नव्या चौकटीत आणता येईल काय, याचा विचार व्हावयास हवा. ध्वनिमुद्रणांवर गायकाबरोबर गावाचे व परंपरेचे नाव नोंदविणे, संग्रहित सामग्री गायक कुटुंबांना खुली ठेवणे, कमायचासारखी वाद्ये घडविणाऱ्या मोजक्या कारागिरांना शिष्य घेण्यासाठी नियमित साहाय्य देणे आणि महोत्सवाच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा गावातील शिक्षणासाठी राखून ठेवणे, हे त्या दिशेचे काही मार्ग होत. महाविद्यालयांचाही येथे वाटा आहे. इतिहास, संगीत आणि समाजशास्त्र या विभागांनी गोंधळी, वासुदेव, शाहीर यांच्या स्थानिक परंपरांची नोंद करताना गीताबरोबर त्याचा प्रसंग, मोबदला आणि श्रोता यांचीही नोंद ठेवली पाहिजे. केवळ शब्द व चाल उतरवून घेतल्यास गीत हाती येते, परंतु ज्या नात्यामुळे ते गायिले गेले त्याचा इतिहास मात्र नोंदीबाहेर राहतो.